मधली चोवीस वर्षे

पुण्यात एरंडवण्याला आमच्या ओळखीच्या एका घरी दर महिन्याला आम्ही दहा-पंधरा जण जमतो. जुना चित्रपट बघायचा, चहा घ्यायचा आणि मग त्यावर बोलत बसायचे, असा शिरस्ता. गेल्या वेळी शर्ली टेंपलचा १९३० च्या दशकातला एक चित्रपट लावला होता. कुरळ्या केसांची ती चिमुरडी नाचली, गायली, सगळ्यांनी कौतुक केले. दिवे लागल्यावर यजमानांच्या सुनेने सहज सांगितले, की ही मुलगी पुढे अमेरिकेची राजदूत झाली, तीही दोन देशांत. झाले! चित्रपट राहिला बाजूला आणि दीड तास खडाजंगी चालली. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "तोंडाला रंग लावणाऱ्यांनी आता देशाची वकिली करायची का?" त्यावर विशीतला एक मुलगा उसळून म्हणाला, "काका, परदेशात आपल्या सचिवांना कोण ओळखतं? नटांना ओळखतात. मग त्यांनाच पाठवा ना." पुढचे सगळे बोलणे या दोन वाक्यांभोवतीच फिरत राहिले आणि घरी जाताना प्रत्येक जण आपापल्या जागी होता तिथेच होता.

हा वाद आमच्या बैठकीपुरता असता तर मी लिहायला बसले नसते. पण एखाद्या नटाला खासदारकी मिळाली, एखाद्या गायिकेला सरकारी संस्थेचे अध्यक्षपद मिळाले, की हेच दोन सूर गावभर ऐकू येतात. एका बाजूला नटाबद्दलची जुनी तुच्छता, दुसऱ्या बाजूला प्रसिद्धीपुढे घातलेले लोटांगण. दोघेही त्या माणसाच्या चेहऱ्याकडेच बघतात. माझे मत असे आहे, की नट असणे ही राजदूतपदाच्या वाटेतली अडचण नाही आणि प्रसिद्ध असणे ही त्या पदाची पात्रताही नाही. विचारायला हवे ते हे, की टाळ्या थांबल्यापासून पद मिळेपर्यंत त्या माणसाने काय केले. आणि त्याला जोडूनच : ते तपासून कोणी पाहिले? शर्ली टेंपलच्या आयुष्यात ही मधली वर्षे चोवीस आहेत, आणि त्या दीड तासात आमच्यापैकी कोणीही त्यांबद्दल अवाक्षर काढले नाही.

म्हणून आधी ती वर्षे सांगते. शर्लीचा जन्म १९२८ चा, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचा. मंदीने पिचलेल्या अमेरिकेत १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे तिकीटबारीवर तिच्याएवढी कमाई कोणत्याही मोठ्या नटाची नव्हती. सहाव्या वर्षी तिला खास बालकलाकाराचे ऑस्कर मिळाले. १९५० मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तिने चित्रपटसृष्टीचा निरोप घेतला. तेव्हा कळले, की आपण मिळवलेल्या सुमारे ३२ लाख डॉलरपैकी ४४ हजारच आपल्या नावावर उरले आहेत. बाकीचे घरात खर्च झाले होते. तिने आईवडिलांना कोर्टात खेचले नाही. लग्न केले, मुले वाढवली, काही काळ दूरचित्रवाणीवर मुलांसाठी गोष्टींची मालिका केली. इथवरची गोष्ट पुष्कळ बालकलाकारांच्या गोष्टीसारखीच आहे. वेगळी होते ती इथून पुढे.

तिच्या एका थोरल्या भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला. शर्ली त्या आजाराच्या रुग्णांसाठी चालणाऱ्या कामात उतरली आणि १९६७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा करण्यात तिचा हात होता. त्याच वर्षी ती अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, पोटनिवडणुकीत उतरली आणि पक्षांतर्गत फेरीतच हरली. ऑगस्ट १९६८ मध्ये महासंघाच्या कामासाठी ती चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीला, प्रागला गेली. तिथे सुधारणावादी नेते अलेक्झांडर दुबचेक यांना ती भेटणार होती. ती भेट झालीच नाही, कारण २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. हॉटेलात अडकलेल्या शर्लीने एका निःशस्त्र बाईला गोळी लागून पडताना पाहिले. पुढे परदेशी लोकांच्या मोटारींच्या तांड्यातून ती कशीबशी सीमेपार गेली. १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी तिला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेच्या शिष्टमंडळात घेतले. तिथे पर्यावरण आणि निर्वासित हे विषय तिने अभ्यासायला घेतले आणि १९७२ च्या स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेलाही ती गेली. त्याच वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. हा शब्द चारचौघांत उच्चारायला बायका कचरत असत, त्या काळात तिने आपल्या शस्त्रक्रियेबद्दल पत्रकारांशी मोकळेपणाने बोलून बायकांना सांगितले, की घरी बसू नका, तपासून घ्या. १९७४ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी तिला घानाला राजदूत म्हणून पाठवले तेव्हा अमेरिकेतही लोक हसलेच. परंतु हसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सहा वर्षांची पोरगी होती आणि घानाच्या राजधानीला, अक्राला निघालेली बाई सेहेचाळीस वर्षांची होती.

आता मूळ प्रश्नाकडे येते. राजदूत नेमके करतो तरी काय? आपल्याकडे या शब्दाची फार ओढाताण झाली आहे. स्वच्छता मोहिमेचा दूत, मतदार जागृतीचा दूत, सिमेंटच्या कंपनीचा ब्रँड अँबॅसिडर. प्रसिद्ध चेहरा फलकावर लावला की झाला दूत. त्यामुळे आमच्या बैठकीतल्या त्या मुलाला राजदूत म्हणजे देशाचा फलक असे वाटले, तर सगळा दोष त्याला देता येत नाही. पण राजदूत हे अधिकारपत्र घेऊन गेलेले माणूस असते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने दूतावासाची कामे नोंदवून ठेवली आहेत : आपल्या राज्याचे प्रतिनिधित्व करणे, आपल्या नागरिकांच्या हिताचे रक्षण करणे, त्या देशाच्या सरकारशी वाटाघाटी करणे, तिथली परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन आपल्या सरकारला कळवणे आणि दोन देशांतले संबंध वाढवणे. या पाचांपैकी प्रसिद्ध चेहऱ्याचा उपयोग कुठे होतो? शेवटच्या कामात बराच, पहिल्यात थोडा. तुरुंगात अडकलेल्या आपल्या माणसाला सोडवताना, करारातल्या एका शब्दावर अडून बसताना, राजधानीला नको असलेली बातमी जशीच्या तशी लिहून पाठवताना चेहरा कामाला येत नाही.

राज कपूरचे उदाहरण त्या मुलाने दिलेच. १९५४ मध्ये 'आवारा' सोव्हिएत संघात दाखवला गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, हे खरे आहे, आणि त्याचा भारताला फायदा झाला हेही खरे. पण त्या वर्षी मॉस्कोच्या भारतीय वकिलातीत के. पी. एस. मेनन बसले होते. १९५२ ते १९६१ असे नऊ वर्षे ते तिथे राजदूत होते. गाणे लोकांच्या ओठांवर होते, कागद मेनन यांच्या टेबलावर होते. दोन्ही कामे देशाचीच, दोन्ही मोलाची, पण एक करणाऱ्याला दुसरे आपोआप येते असे मानायला आधार काय? १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत संयुक्त 'मानापमान' केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक एका रंगमंचावर उभे राहिले आणि फंडात पैसा जमला. म्हणून त्या दोघांना काँग्रेसच्या कार्यकारिणीत बसवा, असे तेव्हा कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही. लोकांना कलावंताचे प्रेमही होते आणि कामाकामातला फरकही कळत होता.

इथपर्यंत वाचून ते काका खूश होतील. त्यांच्याकडेही वळायला हवे, कारण त्यांच्या बोलण्यातला 'तोंडाला रंग' मला जास्त बोचला. स्वतंत्र भारताने परराष्ट्र सेवेबाहेरची माणसे पहिल्यापासून पाठवली आहेत. १९४९ मध्ये मॉस्कोला गेलेले सर्वपल्ली राधाकृष्णन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. चीनला गेलेले सरदार पणिक्कर इतिहासकार होते. जनरल करिअप्पा लष्करातून निवृत्त झाल्यावर १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाला उच्चायुक्त म्हणून गेले. आपल्या अप्पा पंतांचे उदाहरण तर घरचेच आहे. औंधचे राजपुत्र (हे औंध साताऱ्याकडचे, आपल्या विद्यापीठाजवळचे नव्हे) १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी इतका जिव्हाळा जोडला, की तिथल्या ब्रिटिश सरकारला ते डोईजड वाटू लागले. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम इतका प्रवास त्यांनी भारताचा प्रतिनिधी म्हणून केला. प्राध्यापक चालतो, सेनापती चालतो, राजपुत्र चालतो, मग नटाशी येऊनच आपली जीभ का अडखळते? राजपुत्राने राजघराण्यात जन्म घेण्यापलीकडे काय केले, असे आपण विचारत नाही. अप्पासाहेबांच्या बाबतीत विचारले असते तर उत्तर मिळाले असते : औंध संस्थानात १९३९ मध्ये लोकांच्या हाती कारभार देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात ते होते. हेच औदार्य नटाला दाखवून त्याच्या चेहऱ्यापलीकडे विचारपूस का करू नये?

या अडखळण्याला आपल्याकडे इतिहास आहे. नाटकवाल्याला घर भाड्याने मिळत नसे, त्याच्या पोरीला स्थळ येत नसे, आणि त्याच पुण्यात रात्रभर त्याची पदे ऐकायला माणसे दाटीवाटीने बसत. ऐकायचे रात्री, नाक मुरडायचे सकाळी. तो काळ गेला असे आपण म्हणतो, पण एखाद्याशी मतभेद झाला की 'नाटकी' ही शिवी अजून पहिल्यांदा सुचते. याच पुण्यात निळू फुले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते आणि राष्ट्र सेवा दलात घडले होते. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद होते. या दोघांना तुम्ही नुसते 'नट' म्हणणार? सार्वजनिक प्रश्नावर बोलायचा त्यांचा अधिकार पडद्यावरून आला होता, की पडद्याबाहेर घालवलेल्या वर्षांतून? मला तर वाटते, चळवळीतल्या माणसांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला ही मंडळी फिरली तेव्हा लोकांनी तिकिटे काढली ती नटासाठी आणि विश्वास ठेवला तो माणसावर.

नटाच्या धंद्यातले काही राजदूताच्या कामी येते का, हाही प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखा आहे. आक्षेप असा असतो, की नटाला काय, दिलेले बोलायचे. पण राजदूतही बहुतेक वेळा दिलेलेच बोलतो. सूचना राजधानीहून येतात आणि त्या आपल्याला पटोत न पटोत, समोरच्या दरबाराला रुचेल अशा रीतीने पण अर्थाला धक्का न लावता मांडायच्या असतात. पेशव्यांच्या वकिलांना हे पक्के ठाऊक होते. दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे, ही माणसे परक्या दरबाराच्या चालीरीतींत मुरलेली होती. कुठे बसायचे, किती वाकायचे, कोणत्या वाक्याला गप्प राहायचे हे ओळखणे हा त्यांच्या पोटापाण्याचा भाग होता. रंगमंचावर समोरच्याचे वाक्य ऐकूनच आपले वाक्य टाकता येते, हे कोणताही जुना नट सांगेल. ऐकण्याची ही सवय मोलाची आहे. मात्र वकिलाच्या कामाचा दुसरा अर्धा भाग नटाच्या धंद्यात नाहीच : परत येऊन, किंवा पत्र लिहून, जे दिसले ते धन्याला सांगणे. माझ्या रोजच्या वाटेवर संगम पूल लागतो. मुळा-मुठेच्या त्या संगमाजवळ इंग्रज रेसिडेंटचे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या पेशवे दरबारातल्या वकिलाचे ठाणे होते. चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात आला, १८११ मध्ये एल्फिन्स्टन आला, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी ते ठाणे जळाले. मधली तीस वर्षे कंपनीची माणसे शनिवारवाड्यातली प्रत्येक कुजबूज टिपून वरच्यांना कळवत होती. राघोबादादांनी मध्यंतरी दोन-चार माणसे लंडनला धाडली होती, पण पेशवाईचा कायमचा वकील लंडनला कधीच नव्हता. समोरच्याच्या घरात आपला डोळा नसला की काय होते, हे त्या पुलावरून जाताना मला दर वेळी आठवते. म्हणून मी राजदूत पारखताना त्याच्या बोलण्याआधी त्याची नजर आणि लेखणी विचारात घेईन.

शर्ली टेंपलची खरी परीक्षाही तिथेच झाली. १९७६ मध्ये ती अमेरिकेची पहिली स्त्री राजशिष्टाचार प्रमुख झाली. नंतरच्या वर्षांत नव्या राजदूतांच्या प्रशिक्षणवर्गात ती शिकवू लागली, आणि पुढे परराष्ट्र खात्याने तिला मानद परराष्ट्रसेवा अधिकारी केले. ऑगस्ट १९८९ मध्ये ती प्रागला राजदूत म्हणून पोचली, रणगाडे आले त्या रात्रीनंतर एकवीस वर्षांनी. अधिकारपत्रे द्यायची होती राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हुसाक यांच्याकडे. १९६८ नंतर दुबचेक यांना बाजूला सारून जी राजवट बसवली गेली, तिचे हे प्रमुख. ज्या राजवटीचा जन्म आपण रस्त्यावर सांडलेल्या रक्तात पाहिला, तिच्याच हातात आपली पत्रे द्यायची, शिष्टाचारात तसूभर चूक न करता, आणि त्याच वेळी तुरुंगात जाऊन आलेल्या विरोधकांशी संबंधही राखायचे. निदर्शने होत तिथे ती स्वतः जाऊन पाही. तीन महिन्यांत, १७ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांच्या मोर्चावर लाठ्या चालल्या आणि कम्युनिस्ट राजवट शांततेने उलथवणारी मखमली क्रांती सुरू झाली. २९ डिसेंबरला वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. ते नाटककार होते! फेब्रुवारी १९९० मध्ये हावेल अमेरिकी काँग्रेससमोर बोलले तेव्हा त्या भेटीच्या तयारीत आणि प्रवासात शर्ली होती. जुन्या राजवटीकडे अधिकारपत्रे दिलेली माणसे नव्या राजवटीत बहुधा नकोशी होतात. ती जुलै १९९२ पर्यंत तिथेच राहिली.

माझ्या बाजूला जड जाणारे मुद्दे आहेत आणि ते मला मान्य करायचे आहेत. पहिला मुद्दा असा, की शर्लीची नेमणूक निव्वळ गुणांवर झाली नव्हती. ती रिपब्लिकन पक्षाची कार्यकर्ती होती, पक्षासाठी पैसा गोळा करत होती, व्हिएतनाम युद्धाची समर्थक होती. ते राजकारण मला पटत नाही. निक्सन, फोर्ड आणि थोरल्या बुश यांच्याशी जवळीक नसती, तर तिचा अभ्यास कोणी पाहिलाही नसता. दुसरा मुद्दा याहून कठीण आहे. परराष्ट्र सेवेतला अधिकारी तिशीच्या आत एखादी अवघड भाषा शिकतो, मुले घेऊन दर तीन वर्षांनी देश बदलतो, कनिष्ठ सचिव म्हणून रात्री विमानतळावर पाहुण्यांची वाट बघतो, आणि तीस वर्षांनी जेव्हा एखादे मोठे ठाणे त्याच्या वाट्याला यायचे, तेव्हा तिथे बाहेरचा माणूस येऊन बसतो. हा अन्याय खरा आहे. त्याने सेवेचा कणा ढिला होतो. अमेरिकेत साधारण तीस टक्के राजदूत असे बाहेरचे असतात आणि त्यांतल्या कित्येकांची मुख्य कमाई म्हणजे निवडणुकीत दिलेली देणगी. १९८० च्या त्यांच्या कायद्यात लिहिले आहे, की देणगी हा नेमणुकीचा आधार असू नये. लिहिलेले तिथेच राहते. आपण ती पद्धत उचलावी असे मी मुळीच म्हणत नाही. बाहेरची नेमणूक हा अपवाद असावा आणि तो अपवाद का केला हे नेमणाऱ्याने उघडपणे सांगावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

तिसरा मुद्दा : एक चांगले उदाहरण काढून दाखवले म्हणून नियम सिद्ध होत नाही. बरोबर आहे. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. जॉन गॅव्हिन हा हॉलिवूडचा देखणा नट, १९६० मध्ये हिचकॉकच्या गाजलेल्या चित्रपटात नायिकेचा प्रियकर झालेला. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला मेक्सिकोला राजदूत नेमले. कागदावर त्याची पात्रता शर्लीपेक्षाही भक्कम होती. त्याची आई मेक्सिकोची, स्पॅनिश त्याला घरच्यासारखी येई, स्टॅनफर्डमध्ये लॅटिन अमेरिकेच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास केलेला, नौदलात गुप्तवार्ता अधिकारी, नटांच्या संघटनेचा अध्यक्ष. तरी मेक्सिकोची वृत्तपत्रे पाच वर्षे त्याच्यावर तुटून पडली. आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करतो, विरोधी पक्षाच्या लोकांना भेटतो, जाहीरपणे फटकळ बोलतो, अशा तक्रारी. मग माझा सगळा युक्तिवाद कोसळला का?

मला तसे वाटत नाही, पण त्याला एक दुरुस्ती करावी लागते. गॅव्हिनवरचे आक्षेप वाचले, की त्यांत 'नट आहे म्हणून' हे वाक्य येते खरे, मात्र तक्रारीचा गाभा वेगळाच असतो. त्या वर्षांत मध्य अमेरिकेतल्या युद्धांवरून, अमली पदार्थांवरून, १९८५ मध्ये अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी खात्याच्या अधिकाऱ्याचा मेक्सिकोत खून झाला त्यावरून दोन्ही देशांत तणाव होता. तेच धोरण घेऊन सेवेतला मुरलेला अधिकारी गेला असता तरी मेक्सिकोने त्याला हार घातले नसते. फरक पडला तो इथे, की गॅव्हिन अध्यक्षांच्या जवळचा होता. सेवेतला माणूस बोलण्याआधी खात्याकडे बघतो. थेट अध्यक्षांशी बोलू शकणाऱ्या माणसाला तो विराम घ्यावासा वाटत नाही. हा धोका नटापुरता नाही, नेमणाऱ्याच्या मर्जीतल्या प्रत्येक माणसाचा आहे, मग तो उद्योगपती असो, पत्रकार असो की निवृत्त सनदी अधिकारी. तेव्हा 'मधल्या वर्षांत काय केले' या प्रश्नात आणखी एक पोटप्रश्न घालावा लागतो : या वर्षांत तुम्ही कोणाचे ऐकायला शिकलात का? शर्ली निवडणूक हरली होती, आजारातून उठली होती, रुग्णांच्या संघटनेत वर्षानुवर्षे समित्यांच्या बैठकांना बसली होती. तिथे नायिकेला खास खुर्ची नसते.

आपल्या गावाने हा वाद अगदी जवळून पाहिला आहे. २०१५ मध्ये प्रभात रस्त्याच्या परिसरातल्या चित्रपट संस्थेत अध्यक्षाच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. विद्यार्थी विचारत होते ते असे : निवड कोणत्या निकषावर, कोणी, कशी केली? पण चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत सगळीकडे चर्चा चालली ती मालिकेतला नट मोठा की छोटा, अमक्याने किती चांगले चित्रपट केले, तमका कोणत्या पक्षाचा. निकषांचा प्रश्न त्या धुरळ्यात हरवला. दोन वर्षांनी त्याच जागी दुसरे, जास्त नावाजलेले नट आले आणि गाव शांत झाले. निवडीची रीत बदलली होती का? मला त्या शांततेचे त्या संपापेक्षा जास्त वाईट वाटले. ज्या जागेवर एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता, जिथे देव आनंद आणि गुरुदत्त उमेदवारीच्या काळात भेटले, तिथल्या मुलांनी विचारलेला प्रश्न देशातल्या प्रत्येक नेमणुकीला लागू होता.

आपल्याकडे राजदूताची नेमणूक सरकार करते आणि जाहीर करते. संसदेपुढे ती येत नाही. अमेरिकेत निदान सिनेटच्या समितीपुढे उमेदवाराला बसावे लागते, प्रश्न झेलावे लागतात. तिथेही पुष्कळदा बहुमताच्या जोरावर नालायक माणूस पार होतो, आणि काही नेमणुका महिनोनमहिने अडवून ठेवल्या जातात. हे दोष मला ठाऊक आहेत. तरी त्या देशाबद्दल काहीच माहीत नसलेला उमेदवार निदान एकदा चारचौघांत उघडा पडतो आणि ते नोंदले जाते. आपल्या संसदेत परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती आहे. सेवेबाहेरच्या नेमणुकांपुरती तरी तिच्यासमोर सुनावणी का असू नये? 'यामुळे सरकारचे हात बांधले जातील' असे म्हणणाऱ्यांना मी विचारीन, की समितीने नुसते ऐकून आपले मत नोंदवायचे ठरवले, तर हात कसे बांधले जातात? लोकांना कळेल एवढेच ना? त्या सुनावणीत उमेदवार नट असेल तर त्याला त्याच्या चित्रपटांबद्दल एकही प्रश्न विचारू नये. त्या देशात आपली किती माणसे राहतात, कोणत्या हालात राहतात, तिथली भाषा किती येते, आपल्या सरकारला न आवडणारी बातमी तुम्ही याआधी कधी कोणाला तोंडावर सांगितली आहे का, असे विचारावे.

काकांचा फोन परवा आला. बैठकीत मी हे सगळे नीट मांडू शकले नव्हते, म्हणून शर्लीच्या मधल्या वर्षांचे एक टिपण त्यांना पाठवले होते. ते म्हणाले, "ते अडुसष्टचं खरंच का हो? ती तिथेच होती?" मी म्हटले, हो, हॉटेलातच होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि नंतर त्याच लोकांकडे पत्रं द्यायला गेली." पुढच्या बैठकीला हावेलचे एखादे नाटक वाचू या, असे त्यांनीच सुचवले आहे. मराठी प्रत मिळते का ते मी शोधते आहे.